'लवकर गर्भपात' हा शब्दप्रयोग बरोबर आहे का? आणि 'केमिकल प्रेग्नन्सी'ला मराठीत काय म्हणाल?

कोरी_पाटी
नमस्कार मंडळी. पेशंटना द्यायच्या एका माहितीपत्रकाचं इंग्रजीतून मराठी करतेय. चारच पानं आहेत. विषय असा की ज्यांना दिवस राहतात पण पाळीची तारीख उलटून चार-आठ दिवस होतायत तोवरच सगळं संपतं, आणि असं दोनदा-तीनदा झालंय, त्यांनी पुढच्या वेळी काय करायचं, किती थांबायचं, कुठल्या तपासण्या करायच्या. आतला मजकूर जमला, मथळ्यावर अडलेय. आधीच्या कुणीतरी केलेल्या मसुद्यात मथळा आहे 'वारंवार लवकर गर्भपात झाल्यानंतर पुन्हा प्रयत्न'. मला तो 'लवकर गर्भपात' वाचताना लवकर उरकून घेतल्यासारखा वाटतो. भाषांतर तपासणाऱ्या बाई म्हणतात मराठीत हाच शब्द आहे, बदलू नका.

आणि अशा अगदी सुरुवातीलाच संपणाऱ्या गर्भधारणेला इंग्रजीत म्हणतात त्या 'केमिकल प्रेग्नन्सी'चं त्यात केलंय 'रासायनिक गर्भधारणा'. ते मी सासूबाईंना (आम्ही आत्या म्हणतो) वाचायला दिलं. त्या तासगावकडच्या, सगळा जन्म द्राक्षबागेत गेला. त्या शब्दावर बोट ठेवून थांबल्या आणि म्हणाल्या, "फवारणीनं झालं व्हय गं हे? गेल्या साली तू बागंत आलीवतीस, तवाच..." आणि पुढे बोलल्याच नाहीत. दोन दिवस त्या मनाला लावून घेऊन बसल्या होत्या हे मला नंतर नवऱ्याकडून कळलं.

लपवत नाही, हे माझं स्वतःचंही झालंय, तीनदा. म्हणून नुसता शब्दकोशातला शब्द नकोय. तुम्ही घरात काय म्हणता, ऐकलंय काय, ते सांगा.

निवृत्त_मास्तर
गर्भपात या शब्दात काहीही चूक नाही. पत् म्हणजे पडणे, त्यावरून पात. 'गर्भपात झाला' आणि 'गर्भपात केला' या दोन क्रियापदांनी मराठी हा फरक स्वच्छ दाखवते. क्रियापदाचं काम नामाकडून करून घेऊ नये.

कोरी_पाटी
सर, मथळ्यात क्रियापद नसतं ना. फाइलवरही नसतं. आणि 'शासनमान्य गर्भपात केंद्र' अशा पाट्या आपण लहानपणापासून बघतोय, त्या शब्दाला तो एकच अर्थ चिकटलाय. १९७१च्या कायद्याचं नावही आपण वैद्यकीय गर्भपात कायदा असंच घेतो. ज्यांना स्वतःहून करून घ्यायचाय त्यांचा तो हक्कच आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ज्या बाईला मूल हवं होतं तिच्या हातात हा शब्द दिला की ती पहिलं वाक्य "मी काही केलं नाही हो" हेच बोलते. मी बोललेय.

वैद्यकन्या
यासाठी शब्द आहे आणि जुना आहे: गर्भस्राव. सुश्रुताने निदानस्थानात चौथ्या महिन्यापर्यंत स्राव आणि पाचव्या-सहाव्या महिन्यात पात असा सरळ भेद केलाय, कारण आधी गर्भ द्रव असतो आणि पुढे शरीर स्थिर होतं म्हणून तो 'पडतो'. आमचे आजोबा कधीही तीन महिन्यांच्या बाईला गर्भपात झाला म्हणायचे नाहीत, चुकून कुणी म्हटलं तर दुरुस्त करायचे. म्हणजे 'वारंवार गर्भस्राव'. प्रश्न मिटला.

निवृत्त_मास्तर
वैद्यकन्या, उत्तम. यात भर घालतो. धर्मशास्त्रातही हाच भेद आहे, पराशरस्मृतीत जवळपास त्याच शब्दांत येतो. मनूने पाचव्या अध्यायात गर्भस्रावानंतर जितके महिने तितक्या रात्रींनी शुद्धी सांगितलीय. म्हणजे दोन महिन्यांच्या गर्भाचीही दोन रात्री दखल होती.

रुईचं_पान
मास्तर, ती दखल विटाळाची हो. त्या बाईला काय वाटलं याची नाही.
आणि स्राव म्हटलं की मला अंगावरचं पांढरं जाणं आठवतं, सॉरी. 'स्राव होतो का?' हे डॉक्टर दर वेळी विचारतात ते त्यासाठी.

रात्रपाळी
मी डॉक्टर आहे, याच कामातली. 'केमिकल' कुठून आलं ते सांगते म्हणजे भाषांतराला मदत होईल. मूळ शब्द बायोकेमिकल, त्यातलं बायो बोलताना गळून पडलं. अर्थ एवढाच की गर्भ राहिला हे फक्त रक्तातल्या-लघवीतल्या हार्मोनवरून कळलं, सोनोग्राफीत पिशवी दिसायच्या आतच (ती साधारण पाचव्या आठवड्याच्या आसपास दिसायला लागते) आकडा उतरला. कुठल्याही औषधाचा, फवारणीचा, खाण्याचा त्या नावाशी संबंध नाही, हे कृपा करून आत्यांना सांगा.

दुसरं. १९८८मध्ये एक अमेरिकन अभ्यास छापून आला, २२१ बायकांची रोजची लघवी साठवून तपासली होती. १९८ गर्भधारणा सापडल्या आणि त्यातल्या २२ टक्के कुणालाही कळायच्या आत संपल्या होत्या. पूर्वी त्याला पाळी चार दिवस लांबली एवढंच म्हणायचे. घरी तपासायची पट्टी आली म्हणून ही गोष्ट दिसायला लागली. ज्याला कुणी कधी बघितलंच नव्हतं त्याला जुन्या मराठीत शब्द कसा असणार? सुश्रुताचा स्रावही याच्यापेक्षा पुढचा आहे, माझ्या मते.

आजोळ
बघितलं नव्हतं कसं म्हणता डॉक्टर. माझी आजी म्हणायची "या खेपेची पाळी नुसती पाळी नव्हती". तिला कळायचं.
आमच्याकडे 'पोट खाली झालं' म्हणतात, पण ते तीन-चार महिन्यांच्याला. अगदी सुरुवातीचं असेल तर 'राहिलं नाही', 'टिकलं नाही'.

कोरी_पाटी
'टिकलं नाही' जवळचं आहे. पण पुढे 'टिकत नाही' होतं. "हिचं टिकत नाही." म्हणजे एकदा झालेली गोष्ट माझा स्वभावच होऊन बसते.

रात्रपाळी ताई, आत्यांना सांगितलं, धन्यवाद. एक विचारते, विषय सोडून नाही. माझ्या एका फाइलवर जी ३ पी ० ए ३ लिहिलंय, म्हणजे गर्भ राहिला तीनदा, बाळंतपण शून्य, गर्भपात तीन. दुसऱ्या ठिकाणी गेले तर तिथे ए पुढे शून्य. त्यांचं म्हणणं सोनोग्राफीत काही दिसलंच नाही तर मोजायचं काय. मी त्याच टेबलासमोर बसून पर्स उघडून पट्टी दाखवली, दुसरी रेघ फिकट पण होती. पहिला बीटा (रक्तातल्या त्या हार्मोनचा आकडा) ५२ होता, दोन दिवसांनी ३०.

रात्रपाळी
ताई, हा वाद आमच्यातही आहे. युरोपातल्या एश्रे या संस्थेच्या २०१७च्या सूचनांत दोन वेळा झालं की वारंवार म्हणायचं आणि नुसत्या टेस्टवर कळलेलेही मोजायचे. तशाच अमेरिकन संस्थेच्या २०१२च्या व्याख्येत सोनोग्राफीत किंवा बाहेर पडलेल्या भागाच्या सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीत दिसलेलेच मोजायचे. मोजलं तर तपासण्या सुरू होतात: थायरॉइड, शुगर, गर्भाशयाचा आकार, दोघांचे क्रोमोसोम, आणि रक्ताच्या गाठींशी संबंधित अँटिबॉडी, त्या बारा आठवड्यांच्या अंतराने दोनदा बघाव्या लागतात. नाही मोजलं तर "पुढच्या वेळी बघू". तेव्हा हो, शब्दावर पुष्कळ काही ठरतं.

पाणिनीचा_शेजारी
अमरकोशात एक शब्द आहे: अवतोका, अर्थ स्रवद्गर्भा, जिचा गर्भ स्रवला ती. तोक म्हणजे अपत्य, 'अव' म्हणजे खाली गेलेलं. सुंदर बांधणी आहे. वापरात आणायला हरकत नाही.

वैद्यकन्या
तो वैश्यवर्गात आहे, गायींच्या नावांत. वशा वन्ध्या, आणि लगेच अवतोका.

रुईचं_पान
मग त्यापेक्षा आपली 'गाभडणे' काय वाईट? गाय गाभडली म्हणताना निदान कुणी गायीला दोष देत नाही. माझे मामा ती गाभडली की तिला गूळ आणि बाजरीचं घाटं द्यायचे आणि आठ दिवस कुणाला तिच्यावर ओरडू द्यायचे नाहीत. मामींच्या वेळी घरात हे कुणी केलं नव्हतं.

बांधावरून
द्राक्षवाला आहे म्हणून बोलतो. ताईंच्या आत्यांना हा शब्द नक्की माहीत असणार: घड जिरणे. ऑक्टोबरात गोडी छाटणी झाली, डोळा फुटला, पोंग्यात (कोवळ्या फुटीत) घड दिसला, आणि चार दिवस ढगाळ हवा, पाऊस लागला की तो घड तिथंच जिरतो, त्याची बाळी (वेलीचा नुसता ताणा) होते. दिसलेला असतो, आपण मोजलेला असतो. पडत नाही, गळत नाही, जिरतो. तुम्ही सांगताय ते मला तसंच वाटलं.

कोरी_पाटी
हे वाचून मी बराच वेळ काही टाइप केलं नाही. 'दिसलेला असतो, आपण मोजलेला असतो.' आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे लिहिते त्याच चौकटीत मी पेनाने एक बारीक टिंब देते, पट्टी आली त्या दिवशी. तीन टिंबं आहेत. दूधवाल्याचा हिशोब करताना दर वेळी दिसतात.

निवृत्त_मास्तर
जिरणे म्हणजे पचणे, मुरणे. पाणी जिरतं, अन्न जिरतं, खोड जिरते. 'तिची जिरली' हा अर्थ लगेच डोकावेल. शासकीय किंवा वैद्यकीय पत्रकात हा शब्द शोभणार नाही.

बांधावरून
सर, पाणी जिरतं तेव्हा ते जमिनीतच राहतं. वाया गेलं म्हणत नाही आपण.

शिवारातली_बाई
मीही बागायतदार घरातली, पण दादांच्या शब्दाला एक खोट आहे ती सांगते. घड जिरला की आमच्यात पहिलं विचारतात एप्रिल छाटणीला काय चुकलं, कारण सूक्ष्म घड तेव्हाच काडीत तयार होतो, तेव्हा ऊन मिळालं नाही किंवा नत्र जास्त झालं तर पुढे तो कमजोर निघतो. म्हणजे दोष काडीचा धरतात. मग तो शब्द बाईला लावला की परत तेच, तुझ्या काडीत दम नाही.

रात्रपाळी
पण इथे दोष काडीचा नसतोच बहुतेकदा. सुरुवातीच्या अशा घटनांत साधारण निम्म्यांत त्या एका गर्भाच्याच क्रोमोसोममध्ये गडबड असते, ती त्या वेळेपुरती. म्हणून तर परत राहून नीट बाळंतपण झालेल्या पुष्कळ बायका आमच्याकडे आहेत. पत्रकात हे वाक्य मथळ्याखाली पहिलं टाका, मागाहून नको.

सातासमुद्रापार
मथळ्यातल्या 'पुन्हा प्रयत्न'बद्दल कुणी बोललंच नाही. प्रयत्न म्हणजे दहावीला परत बसल्यासारखं वाटतं. आमच्या पिढीत सगळे 'चान्स घेतोय' म्हणतात. आई विचारते फोनवर, "परत चान्स कधी घेणार?"

आजोळ
आणि 'प्लॅनिंग'! "त्यांचं प्लॅनिंग चालू आहे" म्हणजे माझ्या आईच्या वेळी तांबी बसवलीय, आणि आता ऑफिसात म्हणजे मूल हवंय. एकच शब्द, अर्थ बरोब्बर उलटा. जुन्या मराठीत प्रयत्नाला शब्दच नाही कारण प्रयत्न असा वेगळा कुणी करायचंच नाही, दिवस जायचे.

निवृत्त_मास्तर
कूस उजवणे आहे की.

कोरी_पाटी
कूस उजवणे हे झाल्यावरचं आहे सर. मला मधलं हवंय. पाळी येऊन गेली, बाराव्या दिवसापासून परत मोजायला सुरुवात, डॉक्टर म्हणाले थांबायची गरज नाही, आणि तरी हात पट्टीकडे जात नाही. त्या दिवसांना काय म्हणायचं?

रात्रपाळी
थांबण्याबद्दल पत्रकात काय आहे ते बघा. २००५ साली जागतिक आरोग्य संघटनेने सहा महिने थांबा अशी शिफारस केली होती, नंतरच्या अभ्यासांत लवकर राहिलेल्यांना त्यामुळे तोटा दिसला नाही. इतक्या सुरुवातीच्या वेळी आम्ही एक पाळी येऊन जाऊ द्या म्हणतो, तेही मुख्यतः तारीख मोजायला सोपं जावं म्हणून. मनाला लागतील तितके दिवस वेगळे. त्याला माझ्याकडेही शब्द नाही.

पाणिनीचा_शेजारी
मुळात 'दिवस राहिले' का 'दिवस गेले'? कोरी_पाटी यांनी पहिल्याच पोस्टमध्ये 'राहतात' लिहिलंय. माझ्या मते शुद्ध रूप 'दिवस जाणे'. पाळीचे दिवस न येता गेले, म्हणून.

आजोळ
आमच्याकडे दोन्ही. राहणे म्हणजे नुकतंच कळलंय, जाणे म्हणजे तिसरा-चौथा महिना लागलाय, सांगायला हरकत नाही. सासरी मी 'राहिलेत' म्हटलं तर जाऊबाई म्हणाल्या असं बोलू नये, गर्भ राहतो, दिवस जातात.

वैद्यकन्या
जाऊबाई बरोबर आहेत. 'दिवस राहणे' ही 'गर्भ राहणे' आणि 'दिवस जाणे' यांची सरमिसळ आहे.

रुईचं_पान
सरमिसळ असेल पण अर्धा महाराष्ट्र बोलतो ना ती. आमच्या गावात कुणी 'जाणे' म्हणतच नाही या अर्थाने.

निवृत्त_मास्तर
गावात बोलतात म्हणून ते लेखनात यावं असं नाही. दाखले द्या.

कोरी_पाटी
पत्रक उद्या द्यायचंय. मथळा अजून कोराच आहे. आत 'केमिकल'च्या जागी मी सरळ वाक्य लिहिलंय, 'गर्भ राहिल्याचं तपासणीत कळलं, पण सोनोग्राफीत दिसायच्या आधीच तो जिरला'. तपासणाऱ्या बाई ठेवतील की नाही माहीत नाही.

काल रात्री तेवढं वाक्य आत्यांना वाचून दाखवलं. त्या बेदाणे निवडत होत्या, देठ काढून ताटात टाकत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माझं बी दोनदा जिरलंतं. ह्याच्या आधी. कुणाला सांगितलं न्हाई." ह्याच्या म्हणजे माझ्या नवऱ्याच्या. आणि परत निवडायला लागल्या.

बांधावरून
ताई, 'जिरलंतं' म्हणाल्या का 'जिरलं हुतं'? आमच्या मिरजेकडे हुतं ऐकू येतं.

कोरी_पाटी
'जिरलंतं'. मध्ये 'हु' ऐकू आला नाही मला. परत विचारणार नाही.