जुना ट्रॅक्टर बघायला गेलात तेव्हा काय झालं? (अनुभव धागा)

उभा_तास

आज सकाळी शेजारच्या रानात कुणीतरी जुना ट्रॅक्टर सुरू करत होतं. सेल्फ घरघरला, थांबला, पुन्हा घरघरला, आणि मग एकदम धडधड. हातातलं काम तसंच राहिलं.

वडिलांबरोबर आमचा पहिला ट्रॅक्टर बघायला गेलो तेव्हा मी नववीत होतो. अंगावर कोरा रंग, टायरला पॉलिश, सीटला नवं कव्हर. विकणाऱ्याने किल्ली फिरवली आणि पहिल्या फटक्यात सुरू. वडील खूश. मी सहज बॉनेटला हात लावला तर चटका बसला. वाटलं, उन्हात उभा आहे म्हणून तापला असेल. बोललो नाही. आम्ही पोचायच्या आधी त्याने तो चांगला अर्धा तास चालवून ठेवला होता, हे दुसऱ्या दिवशी पहाटे कळलं. थंड इंजिन काही केल्या धरेना. लायनर-पिस्टन झिजलेले, कॉम्प्रेशनच नाही. त्या हंगामात नांगरट भाड्याच्या ट्रॅक्टरने झाली आणि आमचा मेकॅनिककडे उघडा पडून होता.

त्या चटक्याबद्दल मी वडिलांना कधीच सांगितलं नाही. आता ते नाहीत.

मलाही आता एक जुना घ्यायचा आहे. रान दोन एकरांच्या आत, काम मुख्यतः रोटाव्हेटरचं (फिरत्या कुदळ्यांनी माती बारीक करणारं अवजार), वर्षातून एखादी नांगरट. तुम्ही बघायला गेलात तेव्हा काय पाहिलंत, काय राहून गेलं, ते सांगा. घडलं तसं सांगा, नुसती यादी नको.

कुळवाची_दांडी

ऑइल भरायचं झाकण. इंजिन चालू असताना उघडायचं. थोडी वाफ चालते. भसाभसा धूर ठोक्याला ठोका देत बाहेर आला की इंजिन ब्लो मारतंय, रिंगा गेल्या. मी हे बघितलं नव्हतं, सहा महिन्यांत इंजिन बांधावं लागलं. बाकी रात्री लिहितो, मोटर बंद करायला जायचंय.

रानवेल

उभा_तास दादा, वडिलांचं वाचून गलबलून आलं. नववीतल्या मुलाला गरम बॉनेटचा अर्थ कुठून कळणार? तो चटका मनाला लावून घेऊ नका.

आमच्या वेळी मी लिफ्ट बघायचा हट्ट धरला होता. विकणारा रोटाव्हेटर उचलून दाखवत होता, झटकन वर. ह्यांना पटलं. मी म्हटलं, आता वर ठेवून इंजिन बंद करा. केलं. आम्ही बोलत उभे राहिलो आणि पाच मिनिटांत रोटाव्हेटर जमिनीवर टेकला. थोडा थोडा उतरला तर समजू शकतो, पण हा डोळ्यांदेखत खाली आला. तो ट्रॅक्टर सोडला. पुढच्याचा अर्ध्या तासात चार बोटंसुद्धा उतरला नाही, तोच घेतला आणि अजून आहे.

मातकट

सगळे एचपी विचारतात. मी म्हणतो, आधी रोटाव्हेटर ठरवा, मग ट्रॅक्टर. दोन गोष्टी माझ्या चुकल्या होत्या.

पहिली रुंदीची. मागच्या दोन चाकांची बाहेरून बाहेर जितकी रुंदी, निदान तितकं रोटाव्हेटरने झाकलं पाहिजे. माझा चार फुटी आणि ट्रॅक्टर त्याहून रुंद. प्रत्येक फेराला चाकांची दाबलेली पट्टी तशीच उघडी राहायची. एका बाजूला सरकवून बसवल्यावर निदान एक चाक झाकलं गेलं. ताकदीचा माझा अंदाज फुटाला आठ-नऊ एचपी. भारी मातीत त्याहून जास्तच धरा.

दुसरी वेगाची. पीटीओ (मागचं अवजार फिरवणारा ट्रॅक्टरचा शाफ्ट) मिनिटाला ५४० फेऱ्यांवर फिरत असताना सगळ्यात खालच्या गिअरमध्ये ट्रॅक्टर किती हळू चालतो हे बघून घ्या. रोटाव्हेटरला ताशी २ ते ४ किलोमीटरची चाल बरी. माझ्या जुन्याचा पहिला गिअरच धावरा होता. कुदळ्या फिरायच्या, पण माती बारीक व्हायच्या आधी ट्रॅक्टर पुढे. ढेकळं तशीच, आणि दुसरा फेर म्हणजे दुप्पट डिझेल.

आणि हे मला फार आवडतं म्हणून सांगतो. रोटाव्हेटरची कल्पना ज्याला सुचली तो आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड ऑस्ट्रेलियातला शेतकऱ्याचा मुलगा. १९१२ साली न्यू साउथ वेल्समधल्या गिलगँड्रा इथे वडिलांच्याच शेतावर त्याने प्रयोग सुरू केले. नांगराने माती फिरते पण खाली दाबलीही जाते, हे त्याला खटकत होतं. एल आकाराची कुदळ त्याचीच. आपण आज बोल्ट पिळून बदलतो ती!

धुऱ्यावरून

मातकट काका, ती सरकवलेली बाजू उजवी की डावी? आमच्या कुंपणाकडेची तीन फुटांची पट्टी कायम राहते.

मातकट

उजवीकडे. पण कुंपणाशी जाताना सावकाश. तार कुदळीत गेली की रोटर गुंडाळून घेतो, मग सोडवायला अख्खा दिवस.

अर्धा_वाफसा

बॉनेटला +१. आम्ही तर फोनवरच सांगून ठेवतो, "आम्ही येईपर्यंत सुरू करू नका."

सरीवरंबा

सांगितलं तरी करतात हो. म्हणून सांगितलेल्या वेळेच्या तासभर आधी जाऊन उभं राहावं.

पाणंद

पीटीओच्या क्लचबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते.

आमचा पहिला ट्रॅक्टर फार जुना, त्याचा पीटीओ गिअरबॉक्समधूनच चालायचा. म्हणजे क्लच दाबला की पीटीओपण सुटणार. त्यात दोन अडचणी. वळताना क्लच दाबला की रोटाव्हेटर थांबतो आणि पुन्हा मातीत असतानाच सुरू करावा लागतो. दुसरी घातक. मागे गवत कापायचं यंत्र होतं. बांधाजवळ मी क्लच दाबला, आणि यंत्राच्या फिरत्या पात्याने शाफ्टमधून उलटा जोर देऊन ट्रॅक्टर पुढेच ढकलला. पाय क्लचवर आणि ट्रॅक्टर चाललेला! ब्रेकवर उभी राहिले तेव्हा पुढचं चाक बांधावर चढलं होतं. पलीकडे विहीर. तो क्षण अजून अंगावर येतो.

मग मेकॅनिकने पीटीओवर ओव्हररनिंग क्लच बसवून दिला. तो शाफ्टला एकाच बाजूने जोर घेऊ देतो, त्यामुळे यंत्राचा उलटा धक्का येत नाही. पण शक्य असेल तर ड्युअल क्लचवालाच बघा. अर्धा दाबला की चाल थांबते, पूर्ण दाबला की पीटीओ. बघायला गेल्यावर हे दोन टप्पे पायाला वेगवेगळे जाणवतात का, ते स्वतः बसून पाहा.

रानवेल

बाप रे, पाणंद ताई. विहीर वाचून पोटात गोळा आला. ठीक आहात ना आता?

पाणंद

ठीक आहे गं. त्या विहिरीला आता कठडा बांधलाय.

नोझल_पंप

तीस वर्षं हेच काम करतो, म्हणून थोडं मोठं लिहितो.

तासांचा मीटर बघून फसू नका. जुन्या ट्रॅक्टरांचा मीटर इंजिनच्या फेऱ्यांवर चालतो. एका ठरावीक आरपीएमलाच तो खरा तास मोजतो, सावकाश चालवला तर कमी मोजतो. आणि बंद पडलेले मीटर तर कितीतरी. मी पायडलचं रबर बघतो. क्लचचं पायडल झिजून चकचकीत लोखंड दिसतंय आणि मीटर बाराशे दाखवतोय, तर पायडल खरं बोलतंय.

धूर. थंड सुरू करताना पांढरा आला आणि एक-दोन मिनिटांत विरला तर घाबरू नका. निळा टिकून राहिला तर ऑइल जळतंय. ओझ्याखाली थोडा काळा येणारच, पण मोकळा उभा असताना काळा ओकत असेल तर नोझल-पंप बघा. गरम झाल्यावरही पांढरा आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे, म्हणजे हेड गॅसकेट किंवा हेडच.

मागच्या हाऊसिंगचं (गिअर असतात त्या पेटीचं) ऑइल कोणी बघत नाही. ट्रॅक्टर पावसात उघडा राहिला की गिअर दांड्याच्या फाटक्या रबरातून पाणी आत जातं. रात्रभर उभा असेल तर पाणी तळाला बसतं. खालचा बोल्ट सकाळी जरासा ढिला केला तर आधी पाणीच गळतं. विकणारा ढिला करू देत नसेल तर काडीवरचं ऑइल बघा. दुधाळ असेल तर पाणी आहेच.

पुढचा ॲक्सल जॅकवर घ्या आणि चाक वर-खाली धरून हलवा. खडखडलं तर किंगपिन-बुश नाहीतर बेअरिंग. हे काम मोठं नाही, पण भाव पाडायला उपयोगी.

आडवी_पाळी

मागच्या टायरात पाणी भरतात त्याचं काय? आमच्यात भरलेलं आहे म्हणतात, मला कळतच नाही.

नोझल_पंप

वॉल्व्ह वर आणून दाबून बघा, मग खाली आणून दाबा. खालच्या बाजूला पाणी आलं तर भरलेलं आहे. जुन्यात काही ठिकाणी कॅल्शियम क्लोराइडचं पाणी असतं, ते रिम आतून खातं. वॉल्व्हच्या भोवती गंजाचे पापुद्रे असतील तर रिमचा खर्च धरूनच बोला.

आडवी_पाळी

आहेत पापुद्रे 😟

बेलदार_आळी

मला ट्रॅक्टर घ्यायचा नाही, पाऊण एकरच आहे. पॉवर टिलर पुरेल का? कंबर मात्र दुखते. एकदा चालवला तर दोन दिवस झोपून.

सरीवरंबा

काकू, कंबर दुखत असेल तर चालत चालवायचा टिलर नकोच. कडक जमिनीत तो पुढे उड्या मारतो आणि सगळा धक्का आपल्या खांद्याला. पहिल्यांदा भाड्याच्या ट्रॅक्टरने खोल फोडून घ्या, मग वरवरची मशागत टिलरने. नाहीतर वर्षातून दोनदा भाड्यानेच. पाऊण एकराला स्वतःचं यंत्र उभं करून ठेवणं जिवावर येतं.

बेलदार_आळी

मुलगापण हेच म्हणतो. बरं झालं विचारलं.

जुनी_वही

माझा मुद्दा एकच, पण मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मागे लोखंडी कमान (ट्रॅक्टर उलटला तर माणसाला चिरडण्यापासून वाचवणारी) नसलेला ट्रॅक्टर घेऊ नका, घेतलाच तर आधी कमान बसवा. स्वीडनने १९५९ मध्येच नव्या ट्रॅक्टरना ती सक्तीची केली, आणि आपण आजही जुना घेताना तिच्याकडे बघत नाही. कमान असली तरी पट्टा बांधलेला हवा, नाहीतर माणूस कमानीच्या बाहेर फेकला जातो. माझा चुलतभाऊ बांधाच्या उतारावर गेला. जास्त लिहवत नाही.

पीटीओच्या शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर फुटलेलं असेल तर तेही. ५४० फेरे म्हणजे सेकंदाला ९. ३५ मिलिमीटरचा शाफ्ट एका सेकंदात जवळजवळ एक मीटर कापड गुंडाळतो. ओढणी, पंचा, सैल बाही. हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही.

पाणंद

जुनी_वही, मनापासून वाईट वाटलं. आमच्या ट्रॅक्टरला कमान आहे पण पट्टा सीटखाली दुमडून ठेवलाय. आजच काढते.

कुळवाची_दांडी

आलो. मोटर जळाली होती, म्हणून उशीर.

उभा_तास, अजून एक. न्यूट्रलचा स्विच. गिअरमध्ये असताना सेल्फ लागता कामा नये. जुन्यात तो स्विच हमखास जोडून टाकलेला असतो, म्हणजे गिअरमध्येही सुरू होतो. खाली उभं राहून स्क्रू-ड्रायव्हरने सेल्फ मारून दाखवणारा विकणारा भेटला तर त्याला थांबवा. ट्रॅक्टर गिअरमध्ये असला तर मागचं चाक अंगावर येतं.

आणि क्लच बघायचा असेल तर मोकळ्या जागेत, मोठा गिअर, ब्रेक घट्ट, क्लच हळू सोडा. इंजिन दबून बंद पडलं तर क्लच चांगला. नुसतंच फिरत राहिलं तर प्लेट गेली.

अर्धा_वाफसा

कितीही चांगला घ्या, ओल्या रानात घालू नका हो. वाफसा यायच्या आधी रोटाव्हेटर फिरवला की वर भुसभुशीत आणि चार-पाच इंचांखाली फरशी. आमचं रान सावरायला तीन वर्षं लागली.

उभा_तास

सगळ्यांचे आभार. जुनी_वही, तुमचं वाचून थोडा वेळ फोन बाजूला ठेवला.

आज पहाटे साडेसहाला जाऊन आलो, सरीवरंबांनी सांगितल्याप्रमाणे वेळेच्या आधी. माणूस तोंड धुत होता. आधी बॉनेटला हात लावला. थंडगार, वर दव. तिसऱ्या सेल्फला धरला, पांढरा धूर दीड मिनिटात गेला. झाकण उघडलं, नुसती वाफ. लिफ्ट वर ठेवून पंचवीस मिनिटं थांबलो, दोन बोटं उतरली. हाऊसिंगचं ऑइल मात्र दुधाळ आहे आणि गिअर दांड्याचं रबर फाटलेलं. कमान नाही. क्लच ड्युअल.

रंग उडालेला आहे, मला तो तसाच आवडला. हाऊसिंग धुऊन ऑइल बदलून कमान बसवून दिली तर घेतो, असं सांगून आलोय. ते रविवारी कळवणार आहेत.

रानवेल

पट्टापण सांगा त्यांना.

उभा_तास

सांगितला ताई.