वाकणाऱ्या प्लास्टिकच्या स्वस्त मिनी: रंगवण्याजोग्या कशा ओळखायच्या?

अमळनेरकर
आम्ही मित्र सुटीच्या दिवशी डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलावर बसून खेळायचा साहसकथांचा खेळ खेळतो. त्यात पात्रं म्हणून मांडायच्या रेझिनच्या छोट्या मूर्ती, म्हणजे मिनी, परवडत नाहीत, म्हणून वाकणाऱ्या प्लास्टिकची दोन पाकिटं मागवली. एकात २८ मिलिमीटरचे योद्धे, दुसऱ्यात १/७२ मापाचे (खऱ्या माणसाच्या बहात्तराव्या हिश्शाएवढे) सैनिक. भाले वाकडे आहेत, चेहरे गुळगुळीत. रंगावर खर्च करण्याआधी विचारतो, यातलं काय घेण्यासारखं आहे?

तापीकाठ, जळगाव
भाऊ, दोन्हींतला एकेक गडी पाण्यात दाबून बुडवा, बुडबुडे गेले की सोडा. वर आला तर पॉलिथिन, तळाशी बसला तर बहुतेक पीव्हीसी. मी एमआयडीसीत पाइपच्या कारखान्यात आहे. ठिबकची नळी तरंगते, पीव्हीसीचा तुकडा बुडतो, हे आमच्या रोजच्या पाहण्यातलं. जाळून मात्र बघू नका, पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइडचा घातक धूर निघतो.

हे आधी बघायचं कारण असं की पॉलिथिनला रंगही धरत नाही आणि सुपरग्लूही. भाला जरा वाकला की पापुद्रे सुटतात. १/७२ चे मऊ सैनिक बहुधा याच जातीचे असतात. पीव्हीसीवर दोन्ही बसतं. रीपर या मिनी बनवणाऱ्या कंपनीने २०१२ मध्ये किकस्टार्टर या लोकांकडून निधी गोळा करायच्या साइटवर ज्या बोन्स मिनींसाठी पैसे उभे केले, त्या याच प्रकारच्या.

मग साच्याची रेघ बघा, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात तिथे उमटलेली. झग्यावरून गेली असेल तर चालेल, नाकावरून गेली असेल तर ती मिनी घेऊ नका. मऊ प्लास्टिकला कानस लावली की तूस निघतं, त्यामुळे नव्या पात्याने अलगद कापावं लागतं आणि तेवढ्यात चेहऱ्याचा उरलासुरला रेखीवपणा जातो. भाला वाकडा आहे म्हणून नापसंत करू नका. उकळत्या पाण्यात थोडा वेळ धरा, सरळ करा आणि लगेच गार पाण्यात बुडवा. फक्त मे महिन्यात पत्र्याखाली ठेवू नका, आपल्याकडच्या उन्हात बारीक भाले पुन्हा झुकतात.

भांड्यांच्या साबणाने धुवा, साच्याचा तेलकटपणा जातो. स्प्रे प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) टाळा. पीव्हीसी मऊ ठेवणारं द्रव्य आणि काही स्प्रेंमधला द्रावक यांचं जमत नाही, थर कितीतरी दिवस चिकट राहतो. अ‍ॅक्रिलिक प्रायमर ब्रशने लावा. पहिल्या हातात पाणी घालू नका, नाहीतर थेंब गोळा होतात.

भुसावळ_लोको
पॉलिथिनवाले टाकू नका हो. आधी पातळ फेव्हिकॉलचा हात द्या, वाळला की रंग, वरून वार्निश. १/७२ चे सैनिक रंगवणारे जुने लोक असंच करत आले आहेत.

तापीकाठ, जळगाव
काचेच्या कपाटात ठेवायचे असतील तर भुसावळकरांचं म्हणणं मान्य. पण खेळात हात लागतो, बंदूक वाकली की फेव्हिकॉलची साय रंगासकट निघून येते.

अमळनेरकर
१/७२ वाले तरंगले, योद्धे बुडाले. सैनिक पुतण्याला दिले. योद्ध्यांतल्या दोघांच्या नाकावरच रेघ आहे, ते शिरस्त्राणाखाली काळे करून राक्षसाचे पहारेकरी म्हणून चालतील का?

तापीकाठ, जळगाव
चालतील. काळ्यावर डोळ्यांच्या जागी लाल ठिपका द्या.