मदत हवी आहे: 'शास्त्रीय कारणे द्या' लिहायला कसं शिकवायचं?

आठवीला विज्ञान शिकवते. मराठी माध्यम, वर्गात 54 मुलं, तास 35 मिनिटांचा, प्रोजेक्टर नाही.

'माठातलं पाणी गार का राहतं?' तोंडी विचारलं की पटापट सांगतात. वहीत मात्र 'कारण माठ मातीचा असतो' एवढंच. पाणी छिद्रांतून झिरपतं, त्याची वाफ होते, त्यासाठी लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून जाते, ही साखळी कागदावर उतरतच नाही.

नमुना उत्तर दिलं, ते पाठ झालं. पण 'हातावर स्पिरिट लावल्यावर गार का वाटतं?' म्हटलं की पान कोरं. महत्त्वाचे शब्द अधोरेखित करायला सांगितले, तर अख्खे परिच्छेद रंगवले! मुलं हुशार आहेत हो, म्हणून जास्त लागतं मनाला.

मराठीच्या बाई मदतीला तयार आहेत. 'त्यामुळे', 'म्हणून' वापरून अशी साखळी लिहायची सुरुवात तुम्ही कशी करून देता, आणि तो आधार कधी काढून घेता?