शब्द एक, घोटाळे दोन

धागाकर्ता :
ठरवून मारलेल्या कोट्या नकोत, त्या लग्नाच्या पंगतीत हव्या तेवढ्या मिळतात. सातारा-सांगलीकडे शेतात, बाजारात, कामावर रोज तोंडात असलेला शब्द भलत्याच माणसाच्या कानावर पडला आणि घोळ झाला, असे किस्से सांगा. फॉरवर्ड आलेले आपल्याकडेच ठेवा.

वाळवेकर :
पुण्याहून बदलून आलेल्या बँकेच्या साहेबांना पीककर्जाच्या कागदावर आजोबांची सही हवी होती. घरचा फोन आज्जीनं उचलला.
"मालक न्हाईत. रातच्यापासनं फडात हाईत."
साहेबांना फड ठाऊक तो ढोलकीचा. आजोबांचं वय कागदावर ७८. जरा दमानं त्यांनी विचारलं, "परत कधी येतील?"
"आता कसलं येत्यात! टोळी आलीया न्हवं. वीस कोयतं हाईत."
पुण्याच्या माणसाला कोयता म्हटल्यावर पेपरातलीच बातमी आठवणार. "आजी, पोलिसांत कळवलंत का?"
"मागल्या साली कळीवलं हुतं की. मुकादम उचल घिऊन पळाला तवा."
दुपारी साहेब जीप घेऊन शिवारात हजर. आजोबा बांधावर बसून टोळीतल्या पोरांना उसाची कांडकी सोलून देत होते. (तोडणी चाललेलं उसाचं शेत म्हणजे फड, ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि आगाऊ घेतलेले पैसे म्हणजे उचल. साहेबांनाही हे तिथंच समजलं.)

कारखान्यातला :
वाळवेकर, कडक! आमच्याकडचं छोटंसं. भाचा मराठीचा पेपर देऊन आला. "उतारा लई मोठा होता मामा, सव्वा पानाचा." शेजारी आमचे केमिस्ट बसलेले. त्यांना 'सव्वा'च ऐकू गेलं. "सव्वा? कुठल्या कारखान्याचा रे? आपला साडेअकरा लागलाय!" शंभर किलो उसातून साडेअकरा किलो साखर, हा त्यांचा उतारा. सातबाऱ्याचा आणि लिंबू-मिरचीचा उतारा अजून वेगळाच.

तासगावचा बागायतदार :
ऑक्टोबर छाटणी झाली की द्राक्षाच्या काडीवरचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून पेस्ट लावतात. हातमोजे घालायचे, स्पंज डब्यात बुडवायचा आणि काडीच्या टोकाकडचे डोळे तेवढे पुसत ओळीनं पुढं सरकायचं. त्या दिवसांत आम्हाला दुसरा विषय नसतो. आईचा मोतीबिंदू दाखवायला सांगलीत आलो होतो. बाहेर बाकावर बसलोय, तोवर मेव्हण्याचा फोन. आमचा आवाज शेतातला.
"आमचे फुटले की डोळे! शनिवारी पेस्ट लावलेली, सगळे एकदम फुटले. शेजारच्याचा एक सुदीक फुटला नाही, बिचारा रडतोय."
डोळ्यात औषध घालून बसलेल्या बाई उठल्या आणि चाचपडत पलीकडच्या बाकावर गेल्या.

हरिपूरकर :
आमच्याकडे हळद साठवायला जमिनीत खोल पेवं असायची. २००५ च्या महापुरात पाणी शिरून बरीच निकामी झाली. त्यानंतर कधीतरी नातवानं मोठ्यानं पेपर वाचला, "शहरात खासगी क्लासचे पेव फुटले." आतल्या खोलीतून आज्जी, "अगं बाई! हळद किती पोती हुती?"

मिरजकर :
तंबोऱ्याचा आवाज बसला म्हणून कारागिरांकडे गेलो, सोबत जतचे मामा. कारागीर म्हणाले, "जवारी काढायला दोन दिवस लागतील." (तारा टेकतात ती घोडी घासून, तारेखाली दोऱ्याची जागा जमवून आवाज खुलवतात, ती जवारी.) मामा कोरडवाहू शाळूवाले, त्यांना जवारी म्हणजे ज्वारी. त्यांनी दुकानभर नजर फिरवली.
"एकटेच काढताय की बायका लावताय?"
कारागिरांच्या घरात पिढ्यानपिढ्या हेच काम. ते शांतपणे म्हणाले, "बायका नाही लावत, नाजूक काम आहे."
मामांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. जतला परत जाईपर्यंत ते धुमसत होते.

खटावचा गडी :
पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत बैलबाजार भरतो. वडील खोंडाचा जबडा उघडून दात बघत होते. (आठही दात पुरे आले की बैल 'जुळला' म्हणतात.) मी कासरा धरून उभा. मागून लांबचे पाहुणे आले, "काय आबा, जुळलं का न्हाय अजून?" विचारत होते माझ्या लग्नाचं. वडिलांनी मान वर केली नाही.
"न्हाय ओ. सहा दातीच हाय. पर गरीब हाय, लाथ मारत न्हाय."
पाहुण्यांनी माझ्याकडं एकदा नीट बघितलं आणि म्हणाले, "मग एक ठिकाण हाय माझ्या बघण्यात."