रोजच्या हवेतले चढउतार मॉडेलला सांगता येतात का?

उंटावरचा शहाणा:
पृथ्वी तापतेय यावर माझा वाद नाही. वाद पुढच्या उडीशी आहे. 'अमुक प्रदेशात शतकाअखेरीस रोजच्या तापमानाचे चढउतार इतके बदलतील' असे नकाशे हल्ली सर्रास दिसतात. हवामानाचं जागतिक मॉडेल, म्हणजे संगणकावर चालणारं गणित, पृथ्वीची चौकटींत विभागणी करतं; त्यातली एक चौकट साधारण १०० किमीची. डोंगर, दरी, किनारा, सगळं एका आकड्यात कोंबलेलं. गडगडाटी ढग तर त्या जाळीतून निसटतोच, त्याचा परिणाम ठोकताळ्याने आत घालायचा. दोन आठवड्यांपुढचा अंदाज ज्यांना देता येत नाही, त्यांनी २०८० मधली रोजची हवा सांगायची? सरासरीपुरतं बोला की.

विदाविलासी:
आला का दोन आठवड्यांचा मुद्दा! अहो, २०८० मध्ये अमुक दिवशी पाऊस पडेल का, हे कुणी सांगतच नाहीये. पारा साधारण किती वरखाली होईल, एवढाच प्रश्न आहे. मध्य अक्षांशात हिवाळ्यात थंडीची लाट येते ती ध्रुवाकडची हवा खाली उतरल्यामुळे. आर्क्टिक जगाच्या सरासरीपेक्षा कितीतरी वेगाने तापतंय. म्हणजे उत्तरेचा वारा आणि दक्षिणेचा वारा यांच्या तापमानातलं अंतर घटतं. वारे पूर्वीसारखेच फिरले तरी पारा कमी हलणार. हे कळायला ढगाएवढी बारीक चौकट लागत नाही.

उंटावरचा शहाणा:
मग जेट स्ट्रीम (उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वेगवान वारा) नागमोडी होऊन थंडीच्या लाटा वाढतील, हे २०१२ पासून ऐकतोय त्याचं काय? एकाच आर्क्टिकमधून दोन उलटी भाकितं!

विदाविलासी:
जेट स्ट्रीमवर एकमत नाही, मान्य. बऱ्याच मॉडेलांत तो परिणाम क्षीणच दिसतो. पण म्हणून पहिलं गणित मोडीत निघत नाही.

काठावरून:
दोघेही हिवाळ्यातच अडकलात. उन्हाळ्यात खरी गोम मातीत आहे. माती ओली तोवर बरंचसं ऊन बाष्पीभवनात खर्ची पडतं. सुकली, की तीच उष्णता थेट हवेला तापवते. २००३ च्या युरोपातल्या उष्णतेच्या लाटेला कोरड्या मातीने असाच हातभार लावला होता. माती कधी आणि किती सुकेल यावर मॉडेलांचं पटत नाही, म्हणून उन्हाळ्याचे आकडे मीही जपूनच वापरतो.

आणि एकाच मॉडेलवर विसंबू नका, तसं एकाच धावेवरही नको. अमेरिकेतल्या एनकार या हवामान संशोधन संस्थेने एकच मॉडेल १९२० पासून ४० वेळा चालवलं. भौतिकी तीच, हरितवायू तेच, सुरुवातीच्या तापमानात मात्र अंशाच्या अब्जांशाहूनही बारीक फरक. तेवढ्यावर काही दशकांचे प्रादेशिक कल निरनिराळे निघाले.

उंटावरचा शहाणा:
बघा! मग नकाशावर एकच रंग कशाला? चाळीसही छापा.

विदाविलासी:
एकमत नाही तिथे तिरप्या रेघा मारतात हो. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या २०२१ च्या अहवालातही आहेत. बातमीत नकाशा येईपर्यंत त्या गळतात, त्याचं खापर मॉडेलवर का?