अनुभव धागा: अभ्यास, आमटी आणि आवाज बंद केलेला टीव्ही

सातारा-सांगलीकरांनो, घरात गेलेला तुमचा एखादा दिवस इथं लिहा. कुठं जायचं नव्हतं, कुणी यायचं नव्हतं. अभ्यास केला, चुलीपुढं उभं राहिलो, टीव्ही बघितला, संपला दिवस. असे दिवस कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम विचारतेय. सुरुवात मी करते.

विश्रामबाग, सांगली

आमच्या दोनच खोल्या. टीव्ही बाहेरच्या खोलीत, माझं टेबलही तिथंच. मी राज्यसेवेचा अभ्यास करते. २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, तेव्हा नुसतं वाचून भागत नाही. रोज हात दुखेपर्यंत लिहावं लागतं.

जुलैतला दिवस होता, सकाळपासून झड लागलेली. दुपारी मुगाची आमटी मी केली, भात आईनं लावला. संध्याकाळी पंचायत राजच्या ७३ व्या घटनादुरुस्तीवर उत्तर लिहायला बसले. अकराव्या अनुसूचीतले २९ विषय आठवत मान वर केली, तर आई मालिका बघत होती आणि आवाज पूर्ण बंद.

"आई, आवाज लाव की गं."

"असू दे. तोंडाकडं बघून कळतंय सगळं."

कधीपासून असं बघतेयस, विचारलं. म्हणाली, तुझ्या पूर्वपरीक्षेपासनं. म्हणजे आठ महिने! मी वही मिटली, रिमोट घेतला, आवाज वाढवला आणि तिच्याशेजारी जाऊन बसले. तिनं प्रत्येकाचं बोलणं मनानंच लावलं होतं. खरं ऐकल्यावर एका बाईकडं बोट दाखवून म्हणाली, "ही चांगली आहे होय? मी उगीच राग धरला हिच्यावर."

घरी बसून अभ्यास करणारा माणूस एकटा अभ्यास करत नसतो, हे मला त्या संध्याकाळी कळलं. हा धागा त्यासाठीच काढला.

गोडोली, सातारा

ताई, वाचून गलबलून आलं. माझा दिवस फेब्रुवारीतला. सासूबाईंचं ऑपरेशन होतं म्हणून बायको आठ दिवस फलटणला. मुलगा बारावीला, बोर्ड तोंडावर. मी रजा टाकली. डब्याची सोय झाली असती, पण पोरगं ज्वारीच्या भाकरीशिवाय जेवत नाही.

पहिल्या दोन भाकरी परातीतच फाटल्या. तिसरी तव्यावर टाकताना तीन तुकडे. बायकोला फोन लावला. ती म्हणाली, "अहो, पीठ विरी गेलंय, चिकटपणा राहिला नाही त्यात. साध्या पाण्यात नका मळू, आधण ठेवा." उकळतं पाणी पिठात ओतलं, उलथन्यानं कालवलं, झाकून ठेवलं आणि हाताला सोसेल इतपत निवल्यावर तळहातानं रगडून रगडून मळलं. मग मात्र गोळा हाताशी बोलायला लागला. कड फुटली नाही.

एवढ्यात मुलगा रसायनशास्त्राचं पुस्तक हातात घेऊनच स्वयंपाकघरात आला. "बाबा, गव्हात ग्लूटेन असतं म्हणून कणीक चिवट होते. ज्वारीत ते नसतंच. गरम पाण्यानं पिठातला स्टार्च फुगतो, त्यानं भाकरी धरून राहते." मी थापत होतो, तो सांगत होता. वरच्या बाजूला पाणी फिरवायचं आणि ते वाळायच्या आत भाकरी उलटायची, नाहीतर तडे जातात. हे मात्र पुस्तकात नव्हतं, ते त्याच्या आईनं फोनवर सांगितलं. सहावी भाकरी टम्म फुगली. दोघंही बघत राहिलो.

रात्री बातम्या लावल्या. दहा मिनिटांत तो माझ्या खांद्यावर झोपला. सहावीनंतर पहिल्यांदाच.

सध्या पुण्यात, मूळचा तासगावचा

पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेपुरतं भाडं देऊन राहतो. अभ्यासिका, मेस, परत अभ्यासिका. टीव्ही नाही, गॅस नाही. तुम्ही लिहीत राहा, मी वाचतोय.

माधवनगर रोड, सांगली

२ नोव्हेंबर २०२५, रविवार. कार्तिकी एकादशी, महिलांच्या क्रिकेट विश्वचषकाची फायनल आणि सोमवारी माझा फार्माकोलॉजीचा पेपर, तिन्ही एकदम. सकाळी आजीसाठी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी केली. आमटीत मिरची जास्त पडली, आजीनं ताक घालून खाल्ली, बोलली काही नाही.

सामना तीनला सुरू व्हायचा, पण नवी मुंबईत पाऊस. पाच वाजता पहिला चेंडू पडला. त्या दोन तासांत माझं एक पूर्ण प्रकरण झालं. नंतर पुस्तक मांडीवर आणि डोळे स्मृती मानधनावर. ती आमच्या सांगलीत वाढलेली, त्यामुळं आजी तिला "आपली पोरगी"च म्हणते. शफालीबरोबर तिनं १०४ ची सलामी दिली. ४५ वर बाद झाली तेव्हा आजीच्या हातातली माळ थांबली. आमच्या घरात तेवढा वेळ कुणीच बोललं नाही.

मी आईला म्हटलं, आता आत जाऊन वाचते. आजी म्हणाली, "बस गं, रोज कुठं जिंकतात." दक्षिण आफ्रिकेची वोल्वार्ट शंभरावर खेळत होती तेव्हा पोटात गोळा आला होता. अमनजोतच्या हातातून तिचा झेल उडत उडत शेवटी एकदाचा बसला आणि आजी पलंगावरून उठून उभी राहिली, गुडघे विसरून. मध्यरात्र होत आली होती. ५२ धावांनी जिंकलो. मी रडत होते, आजी माझे डोळे पदरानं पुसत होती. पेपर चांगला गेला.

कराड तालुका

मी शाळेत असतानाची गोष्ट. सहामाहीची सुट्टी नुकतीच संपलेली, मी सोप्यात बसून इतिहास मोठ्यानं पाठ करत होतो: क्रांतिसिंह नाना पाटील यांनी साताऱ्यात प्रतिसरकार स्थापन केले. आजी पावट्याच्या शेंगा सोलत होती. "प्रति न्हवं रं, पत्री म्हण. पत्रीसरकार."

मी म्हटलं, पुस्तकात तसंच आहे. तिनं सूप बाजूला सारलं आणि सांगायला लागली. रात्री शेतात लपलेल्या माणसांना तिची आई फडक्यात भाकरी बांधून द्यायची आणि ही पोरगी पुढं चालायची, कुणी बघतंय का ते बघायला. शेणोलीजवळ ७ जून १९४३ ला सरकारी पगाराची गाडी लुटली, ती तारीख माझ्या पुस्तकात. आजीकडं तारीख नव्हती, त्यानंतर गावात पोलीस किती वेळा आले ते होतं. प्रतिसरकारचं केंद्र असलेलं कुंडल कुठं आलं, सांगलीत ना, असं मी विचारलं तर म्हणाली, तवा समदा साताराच. खरंच होतं तिचं. १९४९ ला दक्षिण सातारा वेगळा झाला, सांगली हे नाव १९६० चं.

त्या रात्री टीव्हीवर काय होतं आठवत नाही. पावट्याची उसळ आठवते.

गावभाग, सांगली

ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ च्या वर. आम्ही मिरजेला मावशीकडं. परत आलो तेव्हा दारामागं घोटाभर गाळ. तो उपसण्यातच दिवस गेले.

मग एक दिवस असा आला की उपसायला काही उरलं नव्हतं. भावाचं दहावीचं वर्ष. त्याच्या वह्या मी दोरीवर चिमटे लावून वाळत घातल्या होत्या. पानं वाळून पापडासारखी झालेली, निळ्या शाईचे ढग, पेन्सिलनं काढलेल्या आकृत्या मात्र जशाच्या तशा. तो एकेक पान सोडवत नव्या वहीत उतरवत होता. मदतीत आलेल्या तांदूळ-डाळीची खिचडी मी टाकली. घरातली हळद वाहून गेलेली, सांगलीत राहून! खिचडी पांढरीच खाल्ली.

टीव्ही भंगारात गेला होता. समोरच्या काकू वरच्या मजल्यावर राहतात, त्यांचा वाचला. संध्याकाळी काहीतरी ओढल्याचा आवाज आला म्हणून खिडकीत गेले. काकूंनी टीव्ही टेबलासकट फिरवून बोळाकडं तोंड करून ठेवला होता. चित्र आम्हाला तिरकं दिसायचं. आवाज मात्र त्यांनी मोठा ठेवला होता, आमच्यापर्यंत यावा म्हणून.