शब्दचर्चा: ‘क्विक ब्रेड’, ‘स्क्वॉश’ आणि शरदातला भोपळ्याचा ब्रेड

विचारणा

बोस्टनच्या आसपास राहणारी आम्ही काही मराठी कुटुंबे दिवाळीनिमित्त पाककृतींची एक छोटी पुस्तिका काढत आहोत. सप्टेंबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत इथे घरोघरी भोपळ्याचा, सफरचंदाचा आणि क्रॅनबेरीचा ब्रेड भाजला जातो. आमच्याही स्वयंपाकघरांत तो आता रुळला आहे, म्हणून त्याच्या कृती मराठीत द्याव्यात असे ठरले. पण लिहायला घेतल्यावर शब्दांपाशीच गाडी अडली. ‘क्विक ब्रेड’ला कोणी ‘झटपट पाव’ सुचवतात, कोणी ‘फळांचा केक’. ‘स्क्वॉश’ला एकाने दुधी म्हटले, दुसऱ्याने कोहळा. ‘फॉल’साठी ‘पानगळ’ लिहावे की ‘शरद’, यावरही एकमत होत नाही. पुस्तिका पुण्या-नागपूरच्या नातेवाइकांच्या हाती जाणार असल्यामुळे, केवळ कृती वाचून त्यांना हा पदार्थ आपल्या ओव्हनमध्ये करता यावा, अशी आमची इच्छा आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

‘झटपट पाव’ हा शब्द वापरू नये असे मला वाटते. पाव हा शब्द पोर्तुगिजांकडून आला आणि आंबवून फुगवलेल्या, हाताने तोडताना किंचित तार येणाऱ्या पदार्थाला मराठीत तो घट्ट चिकटला आहे. क्विक ब्रेडमध्ये यीस्ट नसते, पीठ मळायचे नसते आणि तो तुटतो तोही केकसारखा भुसभुशीत. शिवाय ‘झटपट’ वाचून वाचणाऱ्याला पंधरा-वीस मिनिटांचे काम वाटेल, प्रत्यक्षात मात्र भोपळ्याच्या ब्रेडची लादी १७५ अंश सेल्सिअसला जवळजवळ तासभर भाजावी लागते. नावातली घाई भाजण्याची नसून फुगण्याची आहे: पीठ आंबण्याची वाट पाहावी लागत नाही, एवढाच तिचा अर्थ.

या पदार्थाचा जन्मही त्याच सोयीतून झाला. १७९६ साली अमेरिकेतील हार्टफर्ड येथे अमेलिया सिमन्स यांचे पाककृतींचे पुस्तक छापले गेले. त्यात लाकडाच्या राखेपासून काढलेला ‘पर्लॲश’ नावाचा क्षार पीठ फुगवण्यासाठी सांगितलेला आढळतो. १८४३ मध्ये इंग्लंडमध्ये आल्फ्रेड बर्ड यांनी बेकिंग पावडर तयार केली, कारण त्यांच्या पत्नीला यीस्ट सोसत नसे. १८४६ मध्ये ड्वाइट आणि चर्च यांनी अमेरिकेत खाण्याचा सोडा विकायला सुरुवात केली आणि १८५६ मध्ये हार्वर्डचे प्राध्यापक एबेन हॉर्सफर्ड यांनी फॉस्फेटवर आधारलेल्या पावडरचे पेटंट घेतले. यीस्ट जपून ठेवण्याची आणि रात्रभर पीठ भिजवून ठेवण्याची कटकट संपली, आणि घरात पडून असलेले सफरचंद, भोपळा किंवा अक्रोड घालून त्याच दिवशी ब्रेड करण्याची पद्धत रूढ होत गेली.

आपल्याकडे असाच भेद ढोकळ्यात आहे. एक ढोकळा रात्रभर आंबवलेल्या पिठाचा, दुसरा सोडा किंवा फ्रूट सॉल्ट घालून लगेच वाफवलेला. दुसऱ्याला आपण सरळ ‘इन्स्टंट ढोकळा’ म्हणतो आणि त्यातून कोणाचाही गैरसमज होत नाही. म्हणून माझी सूचना अशी की शीर्षकात ‘क्विक ब्रेड’ हाच शब्द ठेवावा आणि पहिल्याच ओळीत ‘यीस्टऐवजी सोड्यावर किंवा बेकिंग पावडरवर फुगवलेला, न मळता केलेला गोडसर ब्रेड’ असा खुलासा द्यावा. ‘केक’ म्हणणे तितके चुकीचे नाही, पण केकमध्ये लोणी आणि साखर फेटून हवा भरतात, इथे तसे करत नाहीत. वाचकाने तो केक समजून फेटायला घेतला, तर पदार्थ बिघडेल.

मला वाटते, खरी अडचण नामापेक्षा क्रियापदात आहे. इंग्रजी कृतीत शेवटी एक वाक्य हमखास असते, आणि त्याचा आशय असा की सुके आणि ओले साहित्य जेमतेम मिसळेल एवढेच हलवावे. मराठी कृतींत तिथे सवयीने ‘चांगले फेटून एकजीव करावे’ असे लिहिले जाते, कारण आपली भजी, वडे, धिरडी यांची पिठे डाळी-तांदळाची असतात आणि ती जितकी फेटावीत तितकी हलकी होतात. डाळी-तांदळात ग्लुटेन नसते; मैद्यात आणि कणकेत ते असते आणि ओले पीठ जितके ढवळावे तितके ते चिवट होत जाते. असे फेटलेले क्विक ब्रेडचे पीठ भाजल्यावर रबरासारखे होते आणि लादी कापली की आत वरच्या दिशेने गेलेले लांबट बोगदे दिसतात. म्हणून इथे ‘फेटणे’, ‘घोटणे’, ‘एकजीव करणे’ हे तिन्ही शब्द टाळावेत आणि ‘कालवणे’ वापरावे. दहीभात कालवताना आपण भाताची पेस्ट करत नाही, तोच हलका हात या क्रियापदात आपोआप येतो. ‘कोरडे पीठ दिसेनासे होईपर्यंतच कालवावे, बारीक गुठळ्या राहिल्या तरी चालतील’ असे वाक्य लिहिले, तर पुण्यातल्या वाचकाचाही ब्रेड नीट होईल.

आता भोपळ्याकडे वळतो. ‘स्क्वॉश’ हा शब्द ऱ्होड आयलंडकडच्या नॅरागॅन्सेट लोकांच्या भाषेतून इंग्रजीत आला आणि मुळात तो कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या फळभाजीसाठी होता. मराठी वाचकाला स्क्वॉश म्हटले की पाण्यात घालायचे संत्र्याचे गोड सिरप आठवते, त्यामुळे हा शब्द जसाच्या तसा ठेवण्यात अर्थ नाही. उन्हाळी स्क्वॉश म्हणजे कोवळी असताना, पातळ सालीची काढलेली फळे. झुकिनी त्यातलीच, आणि मराठी बाजारात आता तिला झुकिनीच म्हणतात. हिवाळी स्क्वॉश पूर्ण पिकून साल टणक झाल्यावर काढतात आणि ते महिनोन् महिने टिकते. बटरनट याच गटातले. शरदातल्या ब्रेडमध्ये बहुतेक वेळा हेच दुसरे फळ असते आणि त्याला ‘लाल भोपळा’ लिहावे, हे मी पूर्ण खात्रीने सांगतो. अमेरिकेत डब्यात मिळणारा भोपळ्याचा गर प्रामुख्याने इलिनॉयमध्ये पिकणाऱ्या डिकिन्सन नावाच्या वाणाचा असतो. तो वाण, बटरनट आणि आपल्या बाजारात फोडी करून मिळणारा लाल भोपळा बहुधा एकाच जातीचे असतात, कुकुर्बिटा मोशाटा या जातीचे. हॅलोविनला कोरतात तो केशरी भोपळा मात्र वेगळ्या जातीचा, धाग्यांचा आणि पाणीदार असतो. ब्रेडसाठी तो घेऊ नये. दुधी तर वंशानेच निराळा, आणि त्याचे पाणी सुटून ब्रेड मध्यभागी कच्चा राहील.

‘प्युरी’ला ‘गर’ हा शब्द पुरेसा आहे. ‘लगदा’ मात्र कागदासाठीच राहू द्यावा.

प्रतिसाद (नागपूरहून)

वरील प्रतिसाद पटला, फक्त एक भर घालावीशी वाटते. आम्हा वैदर्भीयांच्या बोलण्यात कोहळे म्हणजे पुष्कळदा लाल भोपळाच. कोहळ्याची बोंडे आम्ही त्याचीच करतो. पुण्यात मात्र कोहळा म्हणजे पांढुरकी राख अंगावर धरणारा, आग्र्याच्या पेठ्याचा कोहळा. त्यामुळे ज्या सदस्याने ‘कोहळा’ सुचवले ते विदर्भातले असल्यास त्यांचे काहीच चुकलेले नाही. पश्चिम महाराष्ट्रात आणि इतर काही भागांत ‘डांगर’ असेही म्हणतात, पण तोच शब्द उडदाच्या पापडांच्या पिठालाही आहे. पुस्तिका दोन्हीकडे वाचली जाणार असेल, तर ‘लाल भोपळा (विदर्भात कोहळे)’ असे एकदाच लिहावे आणि पुढे सर्वत्र लाल भोपळा ठेवावा.

आणखी एक व्यावहारिक सूचना. आपल्याकडे भोपळा कुकरमध्ये शिजवण्याची सवय आहे आणि तसा शिजवला की तो पाणी धरतो. घारग्यांसाठी भोपळ्याचा कीस पाणी न घालता, त्याच्या अंगच्याच ओलाव्यावर गुळात शिजवतात. त्याच धोरणाने फोडी ओव्हनमध्ये भाजून घ्याव्यात किंवा शिजवलेला गर स्वच्छ पंचात बांधून थोडा वेळ टांगून ठेवावा आणि मग मोजावा.

प्रतिसाद (फोंड्याहून)

गोव्यात तांबडी दुदी म्हणजे लाल भोपळा. त्यामुळे ‘दुधी’ लिहिल्यास आमच्याकडचा वाचक नेमका योग्य पदार्थ घेईल आणि पुण्याचा वाचक नेमका चुकीचा, हे लक्षात घ्यावे.

क्विक ब्रेडला मराठी-कोंकणी परंपरेत जवळचे काही नाही, असा समज दिसतो म्हणून लिहितो. पावसाळा सरताना मोठ्या झालेल्या तवशांची, म्हणजे जून काकड्यांची, आम्ही तवसळी करतो. कोकणात तिला धोंडस म्हणतात. किसलेल्या काकडीला सुटलेल्या पाण्यातच तांदळाचा रवा, गूळ, ओले खोबरे आणि वेलची कालवतात आणि पूर्वी हे मिश्रण जाड बुडाच्या भांड्यात, खाली निखारे आणि झाकणावरही निखारे ठेवून भाजत. त्यात सोडा नसे आणि मैदाही नसे, तरी वेलीवरचे जून फळ किसून, गोड करून, वर-खाली आच देऊन त्याची लादी करणे ही कल्पना तीच आहे. तवसळी हे नाव क्विक ब्रेडला द्यावे असे मी म्हणत नाही, कारण ते एका विशिष्ट पदार्थाचे नाव आहे. प्रस्तावनेत मात्र तिचा उल्लेख अवश्य करावा. कोकणातल्या आणि गोव्यातल्या वाचकाला हा पदार्थ मग परका वाटणार नाही.

मूळ विचारणाकर्त्याकडून

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तीन शंका उरल्या आहेत. क्रॅनबेरीला ‘करवंद’ म्हणावे का? मसाल्यांत ‘ऑलस्पाइस’ येतो, त्याला आमच्या यादीत कोणीतरी कबाबचिनी लिहिले आहे, ते बरोबर आहे का? आणि ऋतूच्या नावाचा निर्णय काय करावा?

प्रतिसाद

क्रॅनबेरीला क्रॅनबेरीच म्हणावे. ती मॅसॅच्युसेट्सच्या आणि विस्कॉन्सिनच्या दलदलीत वाढणारी बुटकी वेल आहे आणि तिचे फळ सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास तयार होते. करवंद सह्याद्रीत मे महिन्यात पिकते आणि दोन्हींचे कूळही वेगळे. पर्याय म्हणून मात्र करवंदाचा विचार जरूर व्हावा. कच्च्या करवंदाचा आंबटपणा क्रॅनबेरीच्या जवळ जातो, म्हणून ‘क्रॅनबेरी न मिळाल्यास साखरेत मुरवलेली करवंदे घ्यावीत’ अशी ओळ द्यावी. शब्दाचे भाषांतर आणि पदार्थाचा पर्याय ही दोन वेगळी कामे आहेत. पाककृतीत दोन्ही लागतात, पण एकाच्या जागी दुसरे बसवू नये.

कबाबचिनी चुकीची आहे. ती मिरीच्या कुळातली, शेपूट असलेली मिरी. ऑलस्पाइस हे मुख्यतः जमैकात होणाऱ्या एका झाडाचे वाळवलेले फळ. ऑलस्पाइस नसेल तर दालचिनी, लवंग आणि जायफळ यांची चिमूटभर पूड एकत्र करून घालावी, चव पुष्कळशी तशीच येते. भोपळ्याशी जायफळाचे जमते, हे घारगे करणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

ऋतूसाठी ‘शरद’ लिहावे. आश्विन-कार्तिक आणि तिकडचा सप्टेंबर-नोव्हेंबर बऱ्याच अंशी जुळतात. मराठी वाचकाच्या मनात पानगळ मात्र शिशिराशी, म्हणजे माघ-फाल्गुनाशी जोडलेली आहे, आणि ‘पानगळीतला ब्रेड’ वाचून तो फेब्रुवारीचा विचार करील. न्यू इंग्लंडमधली रंगीत पाने सांगायची असतील तर ती वर्णनात सांगावीत.

‘कप’ला ‘वाटी’ लिहू नये. अमेरिकी कप सुमारे २४० मिलीलिटरचा असतो आणि वाटी प्रत्येक घरात वेगळी असते, म्हणून शक्य तिथे ग्रॅम द्यावेत. नमुन्यादाखल भोपळ्याच्या ब्रेडची कृती अशी लिहिता येईल:

‘मैदा २१५ ग्रॅम, खाण्याचा सोडा १ लहान चमचा, मीठ अर्धा लहान चमचा, दालचिनी पूड १ लहान चमचा आणि थोडे किसलेले जायफळ एकत्र चाळून घ्यावे. दुसऱ्या भांड्यात लाल भोपळ्याचा निथळलेला गर २४५ ग्रॅम, साखर २०० ग्रॅम, तेल १२० मिलीलिटर, २ अंडी आणि आंबट ताक ८० मिलीलिटर नीट मिसळावे. सोड्याला फुगण्यासाठी आंबटपणा लागतो, म्हणून ताक गोडे घेऊ नये. सुके साहित्य ओल्यात घालून कोरडे पीठ दिसेनासे होईपर्यंतच कालवावे. पीठ पळीने वाढता येईल पण वाहणार नाही, इतपत दाट असावे. सोडा ओला होताच काम सुरू करतो, त्यामुळे पीठ थांबवून न ठेवता लगेच तूप लावलेल्या ९ × ५ इंचांच्या साच्यात ओतावे आणि आधीच तापवलेल्या ओव्हनमध्ये १७५ अंश सेल्सिअसला ५५ ते ६५ मिनिटे भाजावे. मध्यभागी खुपसलेली सुरी कोरडी निघाली की बाहेर काढावे, दहा मिनिटांनी साच्यातून सोडवून जाळीवर ठेवावे आणि पूर्ण गार झाल्यावरच कापावे.’